जर्क: एक शब्द की दोन? गचका, हिसका, आचका आणि वाळवलेलं मांस

रावपुरा_रहिवासी

लिफ्ट थांबताना जर्क देते. बादली उचलताना कमरेला जर्क बसतो. सुरतेहून येताना विश्वामित्री ओलांडली की गाडी जर्क मारत मारत बडोद्याच्या फलाटाला लागते. आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत हा शब्द आता इतका रुळलाय की आजीही सहज म्हणते, "रिक्षावाल्याने असा जर्क मारला!"

भाची अकरावीला आहे. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये जर्क नावाची एक मोजायची राशी आली आहे. त्यातच अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या मेन्यूवर तिने 'जर्क चिकन' वाचलं. अमेरिकन मालिकांमध्ये वाईट वागणाऱ्या माणसाला जर्क म्हणतात हे तिला आधीच ठाऊक होतं. आता तिचा प्रश्न असा, की हा सगळा एकच शब्द आहे का? मला तो प्रश्न फार आवडला, म्हणून हा धागा.

माझा त्याला जोडून एक प्रश्न आहे. याला मराठीत काय म्हणायचं? सगळे 'झटका' म्हणून मोकळे होतात. पण विजेचा झटका, हृदयविकाराचा झटका आणि लिफ्टचा जर्क या तीन गोष्टी एका शब्दात कोंबाव्यात असं मला वाटत नाही.

शब्दवेडा

भाचीला शाबासकी द्या. तिला जे खटकलं ते अगदी बरोबर जागी खटकलंय. कोशांमध्ये जर्कच्या दोन वेगळ्या नोंदी असतात, कारण ते मुळात दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार आणि लेखन योगायोगाने एक झालं.

पहिला जर्क अस्सल इंग्रजी. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो लिखाणात दिसायला लागतो आणि तेव्हा त्याचा अर्थ चाबकाचा फटका असा आहे. अचानक दिलेला हिसका, ओढ, पिळा हे अर्थ त्याच शतकात थोडे मागाहून आले. चाबूक मारताना मनगट कसं चालतं ते डोळ्यांसमोर आणा. हात पुढे जातो आणि शेवटच्या क्षणी मनगट मागे खेचलं जातं. फटक्यावरून हिसक्यावर अर्थ कसा सरकला ते त्या मनगटात दिसतं.

याचा एक थोरला भाऊ आहे, 'यर्क'. तो पंधराव्या शतकापासून सापडतो आणि तो चर्मकारांच्या कामातला शब्द. जोडा शिवताना टाका घातला की दोन्ही हातांनी दोरा बाहेर ओढून घट्ट आवळतात, ते यर्क. शेक्सपिअरकडेही यर्क आहे. 'ऑथेल्लो'त इयागो म्हणतो की याच्या बरगड्यांखाली एक भोसकावं असं मनात आलं होतं, तिथे त्याने यर्क वापरलाय. 'पाचवा हेन्री'मध्ये रणांगणावर जखमी झालेले घोडे आपल्याच मेलेल्या स्वारांवर नाल ठोकलेल्या टाचा झाडतात, तिथेही यर्क. भोसकणं आणि लाथ झाडणं, दोन्ही क्षणात होऊन जाणाऱ्या गोष्टी.

त्या काळात जर्कचा आणखी एक अर्थ होता, जो आज इंग्रजांच्याही लक्षात नाही: शब्दांनी ओढलेला आसूड, झोंबणारं बोलणं. हे वाचलं तेव्हा मला लगेच आपला फटका आठवला. चाबकाचा फटका, पावसाने पिकाला बसलेला फटका आणि अनंत फंदींचा 'फटका'! अठराव्या शतकात आपल्या शाहिराने उपदेशाच्या झोंबऱ्या कवनाला जे नाव दिलं, तेच इंग्रजांनी त्यांच्या चाबकाच्या शब्दावरून केलं. दोन्ही समाजांत चाबूक रोजचा होता, त्यामुळे जीभही त्याच वाटेने गेली असणार.

दुसरा जर्क दक्षिण अमेरिकेतला. अँडीज पर्वतात क्वेचुआ भाषा बोलतात, इंका लोकांची. तिच्यात वाळवलेल्या मांसाला 'चार्कि' म्हणतात. स्पॅनिश लोकांनी ते 'चार्की' केलं, त्यावरून मांस पट्ट्या कापून वाळवण्याचं क्रियापद केलं, आणि ते इंग्रजांच्या कानावर पडलं तेव्हा त्यांनी आपल्याजवळ आधीच असलेल्या जर्कच्या साच्यात ओतलं. अमेरिकेत पाकिटातून मिळते ती 'जर्की' याच घरातली. जमैकाचं जर्क चिकनही याच शब्दाचं. जमैका १६५५ साली इंग्रजांनी स्पॅनिशांकडून घेतलं, त्यामुळे शब्दाला वाट तयारच होती. तिथे डोंगरात पळून गेलेल्या गुलामांच्या वस्त्यांमध्ये, ज्यांना मरून म्हणतात, मांसाला मसाला चोळून ते धुरावर शिजवायची पद्धत वाढली. मसाल्यात ऑलस्पाइस (मिरीसारखं दिसणारं एक मसाल्याचं फळ) आणि स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची. लाकूडही ऑलस्पाइसच्याच झाडाचं.

मांसाला टोचे मारतात म्हणून जर्क, अशी कहाणी बरेच हॉटेलवाले सांगतात. ऐकायला छान आहे, पण शब्द क्वेचुआतून आला हेच खरं.

मांडवीची_मावशी

वा शब्दवेडा, फटक्याचं वाचून जीव सुखावला. आता माझं ऐका. आपण बडोदेकर दोन भाषांत जगतो आणि गुजरातीत यासाठी नेमका शब्द आहे: आंचको. भूकंपाचा आंचको, गाडीचा आंचको. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा इथे आमच्या पोळातही (जुन्या गल्लीतही) पंखे हलले होते, आणि त्यानंतर कित्येक दिवस पेपरात 'आफ्टरशॉकचे आंचके' वाचत होतो.

फिट येते तिला गुजरातीत आंचकी म्हणतात. आणि आंचकवुं म्हणजे हिसकावून घेणं. सोनसाखळी आंचकी गयो, असं.

आता मराठीत बघा. माणूस शेवटच्या घटका मोजत असतो तेव्हा आपण म्हणतो 'आचके देतोय'. माझी आजी कोंबडी कापल्यावर तडफडते त्यालाही आचके म्हणायची. आंचको आणि आचका शेजारी ठेवले तर चेहरेपट्टी सारखी दिसते की नाही? मराठीत तो शब्द मरणाच्या खोलीत जाऊन बसला आणि गुजरातीत रस्त्यावर हिंडतोय. पुण्याच्या वहिनीला मी एकदा फोनवर सांगितलं की "बसने असा आचका दिला", तर ती घाबरून म्हणाली, "कोण गेलं?"

रावपुरा_रहिवासी

मावशी, आंचकवुंसारखीच आपली हिसका आणि हिसकावणे ही जोडी आहे की. हालचालीवरून थेट चोरीपर्यंत.

प्रतापनगर_पटरी

रेल्वेतून निवृत्त झालोय, त्यामुळे गाडीच्या जर्कबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. लोक सगळा दोष ड्रायव्हरला देतात. त्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडायच्या आधी डब्यांच्या मधली जोडणी बघा.

जुने निळे डबे आठवतात ना, आयसीएफचे, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातले? त्यांत दोन डब्यांच्या मध्ये स्क्रू कपलिंग असायचं आणि दोन्ही बाजूंना गोल बफर. कपलिंगचा स्क्रू आवळला की बफर एकमेकांवर दाबून बसायचे आणि मध्ये फट जवळजवळ राहायची नाही. सगळी गाडी एका दोरीत. लाल रंगाचे एलएचबी डबे आले, जर्मन बनावटीचे, २००० सालापासून. त्यांना मधोमध एकच सेंटर बफर कपलर असतो. अपघातात डबे एकमेकांवर चढत नाहीत हा त्याचा फार मोठा गुण, आणि त्यासाठी मी तो कपलर कधीही पसंत करेन. पण त्या कपलरच्या जोडणीत थोडी ढिलाई असते. इंजिनाने ओढ घेतली की पहिला डबा ती ढिलाई संपवून पुढे जातो, मग दुसऱ्याला हिसका, मग तिसऱ्याला. शेवटच्या डब्यापर्यंत ते सरकत जातं. चहाचा कप घेऊन मागच्या डब्यात बसलेल्याला विचारा. नंतर कपलरच्या मागच्या स्प्रिंग-गिअरमध्ये सुधारणा केल्या, आता पूर्वीइतका त्रास नाही.

वंदे भारतला का बसत नाही? कारण तिथे एकटं इंजिन पुढून ओढत नाही. मोटरी गाडीभर वाटलेल्या असतात आणि डबे कायमसारखे पक्के जोडलेले. ओढायचं काम सगळीकडून एकदम होतं.

आणखी एक गोष्ट रुळांची. सरळ रूळ एकदम गोल वळणाला जोडला तर गाडी त्या सांध्यावर आडवी हिसकली जाईल. म्हणून मध्ये एक तुकडा असा घालतात की वाकण शून्यापासून हळूहळू वाढत जातं. आपल्या भारतीय रेल्वेत त्यासाठी क्युबिक पॅराबोला नावाची वक्ररेषा वापरतात. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच असतो, तोही त्याच तुकड्यात हळूहळू उचलतात. आमचे पी-वे वाले, म्हणजे रूळ सांभाळणारे, ते उन्हात पुन्हा पुन्हा मोजत बसायचे. प्रवाशाला वळण आलं हे कळायला नको, यासाठी केवढी मेहनत!

बडोद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. १८६२ साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम नॅरोगेज टाकली तेव्हा सुरुवातीला गाडी बैल ओढायचे. तिथे गचके कसे बसत असतील ते बैलगाडीत बसलेल्याला वेगळं सांगायला नको.

गणित_भौतिक

पटरीकाकांनी क्युबिक पॅराबोला सांगितला, आता भाचीच्या नोट्समधलं त्याला जोडतो, कारण ते एकच आहे.

तुम्ही कुठे आहात, ते स्थान. स्थान किती भराभर बदलतं, तो वेग. वेग किती भराभर बदलतो, ते त्वरण. आणि त्वरण किती भराभर बदलतं, तो जर्क. एकक मीटर प्रति सेकंद घन. समजा लिफ्टचं त्वरण शून्यापासून १ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं. ते एका सेकंदात झालं तर जर्क १. एक दशांश सेकंदात झालं तर जर्क १०. त्वरण दोन्हीकडे तेवढंच आहे, पण दुसऱ्या लिफ्टमध्ये गुडघे लचकतील.

माणसाला वेग जाणवत नाही. विमानात ताशी ८०० किलोमीटरला आपण झोपतो. एकसारखं त्वरणही शरीर निभावून नेतं, कारण स्नायू तेवढा जोर लावून तयार असतात. जोर बदलायला स्नायूंना वेळ लागतो. त्या वेळेच्या आत त्वरण बदललं की तोल जातो. लिफ्ट बनवणारे, मेट्रो बनवणारे म्हणून जर्कवर मर्यादा घालतात. मेट्रोसारख्या गाडीत, जिथे लोक उभे असतात, तो आकडा १ च्या आतबाहेर ठेवायचा प्रयत्न असतो.

आता एक गोष्ट उद्या सिटी बसमध्ये उभं राहून स्वतः बघा. ब्रेक लागतो तेव्हा आपण पुढे झुकतो हे सगळे सांगतात. पण खरा गचका बस पूर्ण थांबते त्या क्षणी बसतो, आणि तो मागे बसतो. का? ब्रेक एकसारखा दाबलेला असतो तोवर तुमचे पाय आणि पाठ तुम्हाला मागे खेचून धरत असतात. चाक थांबलं की मंदन एका क्षणात शून्य होतं, पण तुमचे स्नायू अजून मागे खेचतच असतात. म्हणून तुम्ही मागे जाता. चांगला ड्रायव्हर थांबायच्या जरा आधी ब्रेकवरचा पाय सैल करतो. त्या अर्ध्या क्षणात त्याने तिसऱ्या पायरीचं गणित पायाने सोडवलेलं असतं. मी वर्गात हे शिकवतो तेव्हा मुलांना दांडिया बाजार ते स्टेशन बसने जाऊन यायला सांगतो.

जर्कच्या पुढच्या पायऱ्यांनाही नावं आहेत: स्नॅप, क्रॅकल, पॉप. ती एका अमेरिकन नाश्त्याच्या धान्याच्या जाहिरातीतल्या तीन बुटक्यांची नावं. रूढ झाली ती झालीच.

मराठी शब्दाबद्दल माझं मत: 'हिसका' घ्या. झटका नको.

तालीमवाला

हिसक्याला माझी हरकत आहे, आणि कारण वजनाच्या खेळातलं आहे.

ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये दोन प्रकार: स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. पूर्वी प्रेस नावाचा तिसरा होता, तो १९७२ नंतर काढला. स्नॅच म्हणजे जमिनीवरून बार एका दमात थेट डोक्यावर. तोच हिसका. बार अक्षरशः हिसकावून वर नेतात. क्लीनमध्ये बार आधी खांद्यावर येतो. मग जर्क. तुम्ही जर्कलाही हिसका म्हणालात तर स्नॅचला काय म्हणणार?

जर्क जवळून पाहिला आहे का कोणी? टीव्हीवर वाटतं की हातांनी वर ढकललं. हात त्यात जवळजवळ काहीच करत नाहीत. बार खांद्यावर टेकलेला, कोपर पुढे. लिफ्टर एक श्वास घेतो, पाठ ताठ ठेवून गुडघे जरासे वाकवतो, वीतभरही नाही, आणि लगेच पायांनी जमीन ढकलतो. बार खांद्यावरून उडतो, थोडाच, आणि क्षणभर त्याचं वजन कोणावरच नसतं. त्याच क्षणी लिफ्टर स्वतः खाली जातो. एक पाय पुढे, एक मागे, आणि हात सरळ करून बारच्या खाली पोचतो. फळीवर बुटांचा ठप्प असा आवाज येतो तो त्या पायांचा. बार वर गेला त्यापेक्षा माणूस खाली गेला जास्त! फ्रेंचमध्ये याला 'झते' म्हणतात, फेकलेला. ते मला जास्त पटतं. मराठीत मी 'उसळी' म्हणेन.

कर्णम मल्लेश्वरीने सिडनीला २००० साली ११० आणि १३०, मिळून २४० किलो उचललं आणि ब्राँझ घेतलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. मीराबाई चानूने टोकियोत ८७ आणि ११५, एकूण २०२ किलो उचलून रौप्य घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला होता, तो ४९ किलो वजनाच्या गटात. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून कितीतरी जास्त. आमच्या मुलींना मी तो व्हिडिओ हळू करून दाखवतो.

जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि ते चालवणारे व्यायामगुरू प्रो. माणिकराव यांच्या गावात, जिथून मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला, तिथे आपण व्यायामाच्या शब्दांना प्रतिशब्द नाही म्हणून हात टेकावेत हे मला सहन होत नाही. आणि हो, ब्रिटिश लोक कवायतीला गमतीने 'फिजिकल जर्क्स' म्हणायचे. आपल्या आजोबांच्या पिढीने इंग्रज मास्तरांकडून तो शब्द ऐकलेला असणार.

गणित_भौतिक

उसळी फार सुंदर. हरकत मान्य, पण माझ्या राशीसाठी उसळी चालणार नाही. उसळी वरच जाते. माझा जर्क कुठल्याही दिशेला असतो.

मांडवीची_मावशी

मग सगळ्यांना एकच शब्द कशाला? आपल्याकडे आहेत ना भरपूर. मी म्हणते तसं बघा, बरोबर वाटतं का:

हिसका कोणीतरी देतं. त्याच्यामागे हात असतो. म्हणून तर 'हिसका दाखवीन' अशी धमकी असते. हिसडा त्याहून मोठा, आणि तो बहुतेक सुटका करून घ्यायला, 'हिसडा मारून हात सोडवला'. गचका वाहनाचा आणि रस्त्याचा, आत बसलेल्याला लागणारा. हादरा जमिनीतून, इमारतीतून येतो. धक्का बाहेरून येऊन आदळतो. आचका अंगातून, आपोआप. दचकणं भीतीचं. झटका आता डॉक्टरांनी आणि वीज कंपनीने घेतलाय, त्यांच्याकडेच राहू दे.

लिफ्टने दिला तो गचका. त्याला मी तरी दुसरं काही म्हणणार नाही.

गुडघा_पाठ_खांदा

फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे दहातले बरेचजण "जर्क बसला" असं म्हणून सुरुवात करतात. मग मला विचारावं लागतं, म्हणजे नक्की काय झालं? कारण त्या एका शब्दाखाली तीन तरी वेगळ्या तक्रारी येतात.

वाकून काही उचलताना कंबर एकदम धरली, सरळ होता येईना: ती उसण. गाडीवर बसलेले असताना मागून दुसरी गाडी आदळली आणि मान पुढेमागे झाली: तो हिसका, आणि तिथे मी मान आधी नीट तपासते. हात उचलला की खांद्यात कळ चमकून जाते: ती चमक. आजी-आजोबा आले की काम सोपं होतं. "उसण भरली गं" म्हणाले की अर्धं निदान तिथेच. चाळिशीतली मंडळी फक्त "जर्क" म्हणतात. म्हणून माझी कळकळीची विनंती, डॉक्टरांकडे जाताना जुने शब्द घेऊन जा. उसण, लचक, चमक, कळ, रग, ठणका यांत केवढी माहिती भरलेली असते!

आता नी-जर्क. गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्यावर रबरी हातोडीने टिचकी मारली की पाय आपोआप उडतो. १८७५ साली जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघा डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे याचं वर्णन छापलं. टिचकीने मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो, ती खबर पाठीच्या कण्यात कमरेच्या भागापर्यंत जाते आणि तिथूनच स्नायूला आकसायचा हुकूम परत येतो. मेंदूला विचारायला कोणी थांबत नाही. पाय उडाला नाही, किंवा फारच जोरात उडाला, तर त्या वाटेवर कुठे बिघाड आहे ते कळतं. इंग्रजीत विचार न करता फटकन दिलेल्या प्रतिक्रियेला नी-जर्क म्हणतात ते यावरूनच.

झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखं होऊन अंग उडतं, तोही जर्क, हिप्निक जर्क. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दमणूक, जागरण, संध्याकाळची जास्त कॉफी यांनी वाढतो. आणि उचकी? तीसुद्धा याच जातीची. श्वासपटलाचा आचका. मावशींनी म्हटलं तसं, अंगातून आपोआप येणारा.

फिरकी_धरणारा

उत्तरायणाशिवाय हा धागा पुरा होणार नाही!

पतंग चढवताना वारा मंद असेल तर मांजाला बोटाने छोटे छोटे हिसके देतात, त्याला ठुमका म्हणतात. पहिल्या बोटावर मांजा, मनगट सैल, आणि टुक, टुक, टुक. प्रत्येक ठुमक्याला पतंगाची छाती वाऱ्यावर येते आणि तो हातभर वर चढतो. ठुमका फार जोराचा दिला की पतंग गोता खातो, फार हळू दिला की लोळतो. किन्ना (पतंगाला बांधलेली दोऱ्याची कन्नी) नीट बांधलेला नसेल तर कितीही ठुमके द्या, फुकट.

पेच लागला की दोन रस्ते: ढील सोडायची किंवा खेंच मारायची. खेंच म्हणजे दोन्ही हातांनी सपासप मांजा ओढून घेणं. शब्दवेडा यांनी तो मोच्याचा दोरा ओढून आवळण्याचा शब्द सांगितला, तो वाचताना माझे हात आपोआप हलले. गणित_भौतिक सर, खेंचमध्ये मांजा कापतो तो वेगामुळे की जर्कमुळे?

गणित_भौतिक

घासण्यामुळे. एका जागी पडलेल्या समोरच्या मांजावरून तुमचा लांबच लांब मांजा भराभर सरकतो, त्यामुळे त्याची एकच जागा झिजते आणि तुमची झीज मात्र लांबीभर वाटली जाते. म्हणून खेंच एकसारखी हवी, मध्ये थांबलात तर तुमचीही जागा एकच होते. सुरुवातीच्या हिसक्यात ताण एकदम वाढतो, त्यात कच्चा मांजा स्वतःच तुटतो. ठुमका मात्र खरा जर्क.

रावपुरा_रहिवासी

भाची हे सगळं वाचतेय. तिचा पुढचा प्रश्न: मग 'तो माणूस जर्क आहे' हे चाबकातून आलं की मांसातून?

शब्दवेडा

चाबकाच्या घरातून, पण आडवाटेने. माणसासाठी हा शब्द अमेरिकेत १९३० च्या दशकात रूढ झाला. आधी अर्थ मूर्ख, बावळट असा होता. दुष्टपणाने वागणारा, दुसऱ्याची पर्वा नसलेला, हा अर्थ पुढे चढला. नेमका कशावरून, यावर कोशकारांत दोन-तीन मतं आहेत. एक ग्राम्य अर्थ त्याच्या पाठीमागे आहे असं काही मानतात, तो इथे लिहीत नाही.

दुसरं मत रेल्वेशी जोडलेलं आहे, पटरीकाकांना आवडेल. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं. मोठ्या स्टेशनांवर टाकी असे. आडगावच्या फाट्यांवर ती नसे, मग गाडी ओढ्यापाशी थांबवून बादल्यांनी पाणी ओढून भरायचे. त्या गाड्यांना आणि मग त्या गावांना 'जर्कवॉटर' म्हणू लागले, म्हणजे अगदी किरकोळ, मागासलेलं ठिकाण. तिथला माणूस तो जर्क, असं हे मत.

सोडा-फाउंटनच्या दुकानात दांडा ओढून ग्लास भरून देणाऱ्या पोऱ्याला अमेरिकेत 'सोडा जर्क' म्हणत. त्यात मात्र शिवी नव्हती, कामाचं नाव होतं.

भाचीला एवढं जरूर सांगा की हा शब्द ऑफिसात किंवा शिक्षकांसमोर कोणासाठी वापरायचा नाही. आपल्याकडे तो गाडीमुळे सोज्वळ झालाय, तिकडे तसा नाही.

प्रतापनगर_पटरी

बादलीचं खरं वाटतं. पाण्यासाठी गाडी खोळंबली की काय होतं ते आमच्या वरिष्ठांकडून खूप ऐकलंय. डभोईच्या बाजूला तर टाकीवरच सगळं वेळापत्रक बेतलेलं असे, असं ते सांगायचे.

तालीमवाला

एक सूचना. १९३१ साली बडोदा संस्थानाने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू काढला. राज्यकारभाराचे इंग्रजी शब्द आणि समोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द. आठ भाषा शेजारी शेजारी! सयाजीरावांनी एका शब्दाला एकच प्रतिशब्द हवा असा हट्ट धरला नव्हता, भाषागणिक रांग लावली. आपणही जर्कपुढे कामागणिक रांग लावू या. भौतिकात हिसका, वजनात उसळी, वाहनात गचका, शरीरात आचका किंवा उसण, पतंगात ठुमका.

गणित_भौतिक

भौतिकात हिसका ठेवतो. येत्या सत्रात मराठी नोट्समध्ये तोच लिहीन, बाजूला जर्क ही खूण म्हणून. मुलं परीक्षेत इंग्रजीच बघणार आहेत.

मांडवीची_मावशी

चालेल. आता माझा एक शेवटचा. न्याय मंदिराच्या समोरच्या बाजारात हिवाळ्यात 'जर्किन' विकतात ते? ते चाबकाचं की मांसाचं?

शब्दवेडा

दोन्हींचं नाही, मावशी. जर्किन हा शब्द सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे चाबकाच्या जर्कच्याही थोडा आधीचा. तेव्हा ते अंगाला घट्ट बसणारं, बहुधा चामड्याचं आणि बऱ्याचदा बिनबाह्यांचं जाकीट असे, आतल्या सदऱ्यावरून घालायचं. व्युत्पत्ती कोशकारांना आजवर ठरवता आलेली नाही. आपल्याकडे मात्र बाह्या, टोपी, चेन सगळं असलेल्या कोटालाही जर्किनच म्हणतात. घेताना चेन दोनदा वरखाली करून बघा, तिथल्या बऱ्याच अडकतात.